गाव सुटलेल्यांची गाणी



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर सामान्यतः प्राध्यापक, वकील नाहीतर संपादक येतात. कामगार संघटनेच्या माणसाला बोलावले म्हणजे तो किमान वेतनावर नाहीतर महागाई भत्त्यावर बोलणार, असे आपण गृहीत धरलेले असते. मी आज गाण्यांवर बोलणार आहे. रागदारी मला कळत नाही, वृत्त-छंदही शाळेत शिकायची संधी मिळाली नाही. पण सभेला माणसे जमवण्यात आयुष्य गेले. त्यामुळे कोणत्या गाण्याला मोंढ्यातला हमाल पाठीवरचे पोते टेकवून थांबतो आणि कोणत्या गाण्याला उठून चहाला जातो, एवढे मात्र मला सांगता येते. तेवढ्याच अधिकारावर मी बोलणार आहे.

विषय आहे गाव सुटलेल्या माणसांची गाणी. ती कोणी रचली, कशासाठी रचली, त्यांचे पुढे काय झाले आणि त्यांचे आपण काय करायचे, या क्रमाने मी जाईन.

प्रथम थोडे दूर जाऊ. 'आल्बम' हा शब्द आज सर्वांच्या तोंडी आहे, पण तो गाण्याला कसा चिकटला हे पुष्कळांना माहीत नसते. जुन्या 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-चार मिनिटांचे गाणे मावत असे. तेव्हा एकाच विषयाच्या तीन-चार तबकड्या पुठ्ठ्याच्या पाकिटांत घालून, फोटोच्या वहीसारख्या बांधून विकू लागले. त्या वहीला आल्बम म्हणत. 1940 साली अमेरिकेत व्हिक्टर कंपनीने अशा दोन वह्या काढल्या, प्रत्येकीत तीन तबकड्या. नाव 'डस्ट बोल बॅलड्स', म्हणजे धुळीच्या मुलखाचे पवाडेच म्हणा. रचणारा आणि गाणारा एकच माणूस, वुडी गथ्री. जन्म 1912, ओक्लाहोमा राज्यातला.

1930 नंतरच्या दशकात त्या भागात सतत दुष्काळ पडला. गवताळ माळ नांगरून गव्हाखाली आणलेले होते. पाऊस गेला तशी उघडी पडलेली माती वाऱ्याने उठली. 14 एप्रिल 1935 रोजी धुळीचे असे वादळ आले की भरदिवसा अंधार झाला. गथ्री तेव्हा टेक्सासमधल्या पँपा गावी होता. कर्जात बुडालेली कुटुंबे मोडक्या मोटारीवर भांडीकुंडी बांधून कॅलिफोर्नियाच्या मळ्यांत मजुरीला निघाली. गथ्रीची गाणी त्या माणसांची आहेत. चाली त्याने पुष्कळशा जुन्या लोकगीतांच्याच घेतल्या आणि शब्द आपले घातले. स्टाइनबेक या कादंबरीकाराने याच विस्थापितांवर 1939 साली मोठी कादंबरी लिहिली होती. तिच्या नायकावर, टॉम जोडवर, गथ्रीने जे गाणे रचले ते इतके लांबले की तबकडीच्या दोन्ही बाजूंना तोडून भरावे लागले. आपल्या शाहिरांना ही अडचण नवी वाटणार नाही. पवाडा कोणत्या यंत्राच्या मापाने रचलेला नसतो, तो ऐकणाऱ्याच्या दमाच्या मापाने रचलेला असतो.

आता आपल्या घरी येऊ. सांगली जिल्ह्यातले, त्या वेळच्या सातारा जिल्ह्यातले, वाटेगाव. तिथल्या मातंग कुटुंबात 1 ऑगस्ट 1920 रोजी तुकाराम भाऊराव साठे जन्मले. आपण त्यांना अण्णा भाऊ म्हणतो. शाळा त्यांनी दीड दिवस पाहिली, असे सांगतात. मंदीच्या काळात हे कुटुंब वाटेगावाहून मुंबईपर्यंत पायी आले. वाटेत मिळेल ते काम करीत, मिळेल तिथे मुक्काम करीत आले. अण्णा भाऊ अक्षरे शिकले ती मुंबईतल्या दुकानांच्या पाट्यांवरून आणि सिनेमाच्या जाहिरातींवरून. पुढे गिरणीत लागले आणि लाल बावट्याखाली आले. 1944 साली त्यांनी अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक उभे केले.

या पथकाने तमाशाचा साचा ठेवला, पण आतला माल बदलला. गण राहिला, फक्त वंदन गणपतीऐवजी मायभूमीला, हुतात्म्यांना, शिवरायांना होऊ लागले. मुंबई सरकारने बंदी घातली तेव्हा त्याच गोष्टीला 'लोकनाट्य' हे नाव पुढे आले. नाव बदलले, ढोलकी तीच राहिली. बंदीवर याहून सोपा उपाय मला तरी माहीत नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अण्णा भाऊंनी एक छक्कड रचली. आपण तिला 'माझी मैना' म्हणून ओळखतो. आजच्या व्याख्यानाचा मध्यबिंदू ती छक्कड आहे, म्हणून तिची घडण जरा सावकाश पाहू.

गाणारा पुरुष मुंबईत आहे. बायको गावाकडे राहिली. पहिल्या भागात तो तिचे वर्णन करतो, अगदी लावणीच्या थाटात. श्रोता मनात म्हणतो, ही आपली नेहमीची शृंगाराची चीज, आणि सैल होऊन बसतो. मग निघतानाचा प्रसंग येतो. तिची समजूत घालताना दागिन्यांचे कबूल केलेले बेत येतात. मग मुंबई येते. ही मुंबई दिव्यांची नाही. बेकारांची गर्दी आणि कामासाठी फिरणारी माणसे हीच तिची ओळख. मग चळवळ येते. आणि शेवटी गाणारा म्हणतो की जशी माझी मैना माझ्यापासून तुटली, तसाच महाराष्ट्राचा बेळगाव, कारवार, डांग, उंबरगावाकडचा मुलूख तुटला आहे.

ही युक्ती नाही. युक्ती असती तर एकदा टाळी मिळाली असती आणि गाणे संपले असते. नकाशावरची रेघ ही साध्या माणसाला कधी दुखत नाही. त्याला घरातले माणूस दूर असणे दुखते. अण्णा भाऊंनी त्या खऱ्या दुखण्यापासून सुरुवात केली आणि श्रोत्याला हात धरून रेघेपर्यंत नेले. आम्ही संघटनेची माणसे बहुधा उलटे करतो. आधी मागणीपत्रक वाचतो, आणि मग लोकांना दुखत का नाही म्हणून रागावतो.

इथे एक गोष्ट आपण मराठवाड्याच्या लोकांनी विसरू नये. संयुक्त महाराष्ट्र म्हटले की आपल्यासमोर फ्लोरा फाउंटनचा गोळीबार येतो, आणि तो यावाच. पण आपणही त्या हिशेबात होतो. 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामाचे राज्य संपले. 1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्य मोडून आपण द्वैभाषिक मुंबई राज्यात आलो. आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र झाला. आपण आत आलो, बेळगाव-कारवार बाहेर राहिले. सीमेच्या वादावर महाराष्ट्राने 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, म्हणजे गाणे रचल्यानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने.

आता एक जुना आक्षेप. हे सगळे प्रचाराचे वाङ्मय, यात कला कुठली, असे म्हणणारे विद्वान तेव्हाही होते आणि आजही आहेत. त्यांना माझे उत्तर साधे आहे. प्रचाराचे गाणे मागणी मिळाली की मरते. निवडणुकीतली गाणी निकालाच्या दुसऱ्या दिवशी कोण म्हणतो? महाराष्ट्र राज्य 1960 साली झाले, तरी 'माझी मैना' लोक अजून गातात. म्हणजे त्या गाण्यात मागणीहून जास्त काही होते. गाव सुटण्याचे दुःख होते, आणि ते दुःख कोणत्याही राजपत्रात प्रसिद्ध होऊन संपलेले नाही.

हे गाणे लोकांपर्यंत पोहोचवले ते अमर शेखांच्या गळ्याने. मूळचे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल, जन्म 1916. त्यांनी मोटारीवर क्लीनरचे काम केले, गिरणीत काम केले. ते स्वतः कवी होते. 'कलश' आणि 'धरतीमाता' हे त्यांचे संग्रह. ध्वनिवर्धक नसला तरी ज्यांचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत जाई अशी त्यांची ख्याती. 18 जुलै 1969 रोजी अण्णा भाऊ गेले आणि 29 ऑगस्टला अमर शेख मोटार-अपघातात गेले. मध्ये बेचाळीस दिवस. त्याच 1969 साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. पाठीवर ओझे वाहणाऱ्याचे नाव पहिल्यांदा रीतसर नोंदवहीत आले, आणि त्याचे गाणे म्हणणारे दोघे त्याच वर्षी गेले. 'माझी मैना' पुढच्या पिढीला मुख्यतः विठ्ठल उमपांच्या आवाजात पोहोचली. तेही 2010 साली नागपुरात रंगमंचावरच कोसळले.

गाव सुटण्याचे गाणे काही एकट्या मराठीची मिरास नाही. आपल्या जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडाच्या सळया तयार होतात. तिथल्या भट्टीपाशी आणि रोलिंग मिलमध्ये उभे राहणारे पुष्कळसे हात बिहार आणि उत्तर प्रदेशातले आहेत. पाळी सुटल्यावर त्यांच्या खोल्यांत मोबाइलवर भोजपुरी गाणी लागतात. आपल्यापैकी काहीजण त्यांना गोंगाट म्हणतात. त्या गाण्यांमागे एक मोठा माणूस उभा आहे: भिखारी ठाकूर, सारण जिल्ह्यातला न्हावी, जन्म 1887, मृत्यू 1971. त्याच्या 'बिदेसिया' या नाटकात नवरा कलकत्त्याला कामाला जातो आणि बायको गावात वाट पाहत राहते. अण्णा भाऊंच्या छक्कडीत गाणारा नवरा आहे. भिखारी ठाकुरांच्या नाटकात दुःख मुख्यतः बायकोचे आहे. एकाच गोष्टीचे दोन काठ आहेत, आणि जालन्यात ते एकाच कारखान्याच्या फाटकापाशी भेटतात. मराठी आणि बिहारी मजुरांत भांडण लावणाऱ्यांना ही गोष्ट ठाऊक नसते. ठाऊक असली तरी परवडत नाही.

यावरून मला नेहमी एक प्रश्न पडतो. मैना स्वतः काय म्हणते? सबंध छक्कडीत बोलतो तो पुरुषच. तिचे म्हणणे कुठे नोंदले गेले? त्याचे उत्तर जात्यावर आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ या दोघांनी 1980 नंतरच्या दशकांत महाराष्ट्रातल्या खेड्याखेड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्या, हजाराहून अधिक गावे. पुढे 2017 पासून 'पारी' या संस्थेने त्या लोकांसमोर आणायला सुरुवात केली. त्या कामातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट अशी की ओवीबरोबर ती म्हणणाऱ्या बाईचे नाव आणि गाव नोंदलेले आहे. आजवर लोकगीताच्या खाली 'पारंपरिक' असे लिहायची पद्धत होती. पारंपरिक म्हणजे कोणाचे नाही, आणि कोणाचे नाही म्हणजे जो उचलील त्याचे!

आणि आजची मैना तर गावावर राहतही नाही. दिवाळीच्या सुमारास आपल्या घनसावंगी, अंबड, परतूर, मंठा भागांतून मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे ऊसतोडीला निघतात, तेव्हा पहा. हिशेब माणसांवर नसतो, कोयत्यावर असतो. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून. तो तोडतो, ती मोळी बांधते आणि डोक्यावर वाहते. स्वयंपाक, पाणी आणि लेकरू हे वर. मजुरीच्या वहीत ती अर्धा कोयता आहे आणि नाव बहुधा नवऱ्याचे. गावावर राहतात ती म्हातारी माणसे आणि शाळेसाठी मागे ठेवलेली पोरे. अण्णा भाऊ आज असते तर त्यांना छक्कड फिरवून रचावी लागली असती. मैना सोबत आहे, कोपीत आहे, आणि गावावर राहिली आहे ती आईची वाट पाहणारी मुलगी. 2012-13 च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यात मोसंबीच्या बागा जळाल्या, तेव्हा तर बागाईतदार म्हणवणारी घरेही याच वाटेला लागलेली आपण पाहिली. हे गाणे अजून कोणी मोठ्या आवाजात म्हटलेले मी ऐकलेले नाही.

आता बाजाराकडे वळतो. अमेरिकेत खेड्यातल्या या गाण्याला 'कंट्री' म्हणतात. त्याचा नॅशव्हिल शहरात मोठा धंदा झाला. धंदा झाला की माल एकसारखा लागतो. गाणी गुळगुळीत झाली, त्यांतले कर्ज, संप आणि बेकारी गळून गेली. 1990 च्या सुमाराला काही तरुण गायकांनी या गुळगुळीतपणाला कंटाळून जुन्या, खरखरीत गाण्याकडे तोंड वळवले. त्याला 'पर्यायी कंट्री' असे नाव पडले. त्यांतल्याच विल्को या पथकाने आणि बिली ब्रॅग या इंग्रज गायकाने 1998 साली 'मर्मेड ॲव्हेन्यू' नावाचा आल्बम काढला. गथ्री 1967 साली गेला, शेवटची बरीच वर्षे मेंदूच्या दुखण्याने इस्पितळात होता. त्याच्या मागे शेकडो गाणी नुसती कागदावर राहिली होती. त्यांची चाल कोणालाच माहीत नव्हती. त्याच्या मुलीने, नोरा गथ्रीने, ते कागद जपले आणि या गायकांच्या हाती दिले. त्यांनी नव्या चाली लावल्या, पण शब्द त्याचे म्हणून त्याच्या नावावर ठेवले.

आपल्याकडे काय झाले? शहरी कार्यक्रमांत 'माझी मैना' गाताना पुष्कळदा पहिला भाग तेवढा रंगवतात. रूप गातात, विरह गातात, आणि बेकारीपाशी आले की ढोलकीचा तुकडा वाजवून थांबतात. फेटे झोकदार असतात, प्रकाशयोजना उत्तम असते. मनोरंजनाला माझा विरोध नाही. दिवसभर राबलेल्या माणसाला करमणूक हवीच, आणि अण्णा भाऊंनीही ती हात राखून दिली नाही. पण अर्धे गाणे म्हणजे गाणे नव्हे. डाळ काढून घेतलेल्या वरणासारखे ते आहे.

शिवाय मजुरीचा प्रश्न आहे, आणि त्यावर बोलल्याशिवाय मी खाली बसलो तर माझी माणसे मला घरात घेणार नाहीत. गाणे हे श्रम आहेत. रचणारा, चाल बांधणारा, गाणारा, ढोलकीवाला, मागचे झीलकरी, सगळ्यांचे श्रम. वामनदादा कर्डक घ्या. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, जन्म 1922. मोठेपणी अक्षर शिकले, आणि आंबेडकरी चळवळीसाठी जन्मभर रचत आणि गात गावोगाव फिरले. मराठवाड्यातल्या किती वस्त्यांत त्यांचा मुक्काम पडला असेल! 2004 साली ते गेले. त्यांची गाणी लाखो तोंडांत आहेत, पण म्हणणाऱ्यांपैकी कितीजणांना ती त्यांची आहेत हे ठाऊक आहे? कॅसेटच्या काळात माझ्या ओळखीच्या एका ढोलकीवाल्याने दोन दिवस बसून आठ गाणी वाजवून दिली. हातात जेवणासकट एकरकमी बिदागी पडली, आणि कॅसेटवर त्याचे नावही नव्हते. पावती मागितली तेव्हा मालकाने हसून चहा मागवला.

कायदा अगदीच गप्प नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 2012 साली दुरुस्ती झाली. ध्वनिमुद्रणात घेतलेल्या गीताच्या कवीला आणि संगीतकाराला आपला मानधनाचा वाटा कंपनीच्या नावे सोडून देता येत नाही. कागदावर सही घेतली असली तरी तो वाटा उरतो. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यालाही व्यापारी वापरातल्या उत्पन्नावर हक्क आहे. कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याच्या वारसांचा हक्क चालतो. म्हणजे अण्णा भाऊंच्या लेखनावरचा हक्क 2029 च्या अखेरपर्यंत आहे. पण हक्क बजावायला नाव लागते, तारीख लागते, कागद लागतो. किमान वेतनाचे जे आहे तेच इथे आहे: हजेरीपटावर नाव नसेल तर कायदा काय करील?

म्हणून माझी आपल्याजवळ चार मागण्या आहेत. मागणीपत्रक नसलेले भाषण मला जमत नाही. पहिली, आपल्या जिल्ह्यात जे शाहीर, जलशातले गायक, भजनी आणि ओव्या म्हणणाऱ्या बाया आहेत, त्यांची गाणी शाळा-महाविद्यालयांच्या मुलांनी त्यांच्या संमतीने ध्वनिमुद्रित करावीत. प्रत्येकाच्या खिशात आता यंत्र आहे. गथ्रीला त्यासाठी कंपनीचे दार ठोठवावे लागले होते. दुसरी, प्रत्येक गाण्याबरोबर रचणाऱ्याचे, गाणाऱ्याचे आणि वाजवणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख लिहावी, आणि एक प्रत नगरातल्या वाचनालयात ठेवावी. तिसरी, जयंती-उत्सवाला पथक बोलावले तर बिदागी आधी ठरवावी, लिहून द्यावी आणि त्याच रात्री द्यावी. मंडप आणि ध्वनिक्षेपकवाला रोख घेऊन जातो. शाहिराला मात्र हार आणि नारळ मिळतो, हे आता पुरे. चौथी, गाणे पूर्ण म्हणू द्यावे.

यातल्या एकाही गोष्टीला सरकारी अनुदान लागत नाही. पहिल्या दोन गोष्टींना तर पैसाही लागत नाही, फक्त रविवार लागतात. उशीर मात्र परवडणारा नाही. जात्यांची जागा केव्हाच पिठाच्या गिरणीने घेतली, आणि ज्यांना ओव्या पाठ आहेत त्या बायकांची वये आता फार झाली आहेत. त्यांच्याबरोबर जे जाईल त्याला मागे कागददेखील राहणार नाही. गथ्रीच्या मुलीजवळ निदान शब्द तरी होते.

  पुढच्या वसंतात इथे माझ्यासारख्या बोलणाऱ्याऐवजी या जिल्ह्यातली एखादी गाणारी बाई बसावी, तिचे नाव पत्रिकेवर ठळक छापावे आणि तिची बिदागी आधी ठरवावी, एवढी सूचना करून मी आपली रजा घेतो.